उरलीची डायरी

५ जून

प्रिय बारके,

तुला, मेहुण्यांना आणि भिंगरीला आशीर्वाद. आईला नमस्कार सांग आणि तिचं कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का तेही कळव. मी मजेत आहे. मजेत म्हणजे मान धरली आहे, आणि वरच्या मजल्यावरच्यांनी घरात काय ठोकायला काढलंय देव जाणे, पण बाकी बरी आहे.

पत्र बघून म्हणशील, ताईचा फोन बिघडला की काय. नाही गं. पण आईला ऐकू यावं म्हणून तुमच्याकडे प्रत्येक फोन स्पीकरवर. मी इकडून एक वाक्य बोलते, तिकडून तिघं उत्तर देतात आणि मध्येच भिंगरी गाणं म्हणते. मला तुझ्या एकटीशी बोलायचं होतं. फार काही नाही, बारीकसं काम आहे.

भिंगरीने मला हुकूम सोडला आहे. दोन जुलैला तिला नऊ पूर्ण होतात, तेव्हा मावशीने आपल्या कंपनीची नवी बाहुली पाठवावी, 'उरलीसुरली' नावाचीच पाठवावी, दुसरी चालणार नाही. खाली तीन रेघा मारल्या आहेत. तिसरीने कागद फाटलाय.

बारके, उरली सोडून आमची कुठलीही राक्षसीण मागा. चेटकिणीची मुलगी पाठवते, तिच्या झाडूचे केस विंचरता येतात. समुद्रराक्षसाची पाठवते, तिला आठ हात आणि आठही हातांत बांगड्या. खवीस घराण्यातली जुळी आहे, ती तर आता दुकानात मिळतसुद्धा नाही, मी कपाटातून काढून देईन. उरली नको. पहिल्या खेपेचा माल खराब निघालाय. केस गळतात. एकदा डोकं धुतलं की टक्कल. शिवाय डोळ्यांचा रंग हाताला लागतो आणि भिंगरीची बोटं सदा तोंडात.

तू म्हणशील, एवढी काळजी आहे तर बनवता कशाला? मी कुठे बनवते? आमच्या मजल्यावर एका टोकाला केसांची खोली आहे. तिथे मशीन खडखड करत टकलांवर केस शिवतं. मधल्या टेबलावर रंगारीणबाई बसतात. त्या नमुन्याच्या बाहुलीचा चेहरा हाताने रंगवतात आणि पापणी काढताना कुणी बोललं तर ब्रश उगारतात. दुसऱ्या टोकाला मी. प्रत्येक खोक्यात बोटाएवढी डायरी असते ना, 'माझं गुपित' लिहिलेली, ती लिहिणारी. बारा पानं, बाहुलीच्या तोंडची. एकवीस वर्षांत एकशेसहा राक्षसिणींची गुपितं लिहिली. आमच्या बाईंनी, म्हणजे साहेबिणीने, भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, 'हिला लाज कशाची वाटते?' नवी मुलगी आली की आधी हे ठरतं, मग कपडे. चेटकिणीच्या मुलीला उडायची भीती वाटते, समुद्राच्या मुलीला पोहता येत नाही. शेवटच्या पानावर ती लाज टाकून देते, खाली आमचं ब्रीद, 'जशी आहेस तशी भयंकर', की झालं.

उरलीचं म्हणशील तर ती बाकीच्या राक्षसिणी बनवून झाल्यावर उरलेल्या तुकड्यांची आहे. एक हात हिरवा, एक केसाळ, डोळे दोन तऱ्हांचे, आणि अंगावर सगळे मोठ्या बहिणीचे कपडे. दिसायला गोड आहे, नाही म्हणत नाही. फार चालली. कार्टूनमध्येही तीच पुढे. पण माल खराब आहे एवढं लक्षात ठेव आणि भिंगरीला काहीतरी सांगून गप्प कर. तुला जमेल.

हे पत्र आईला वाचून दाखवायची गरज नाही. तिला माझी मान कळली की उगाच तेल पाठवेल.

तुझी ताई

१९ जून

प्रिय बारके,

तुझं पत्र आत्ता मिळालं आणि आत्ताच लिहायला बसले. ऑफिसातच, रंगारीणबाईंच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, त्यामुळे कागदावर जांभळं काही दिसलं तर ती कुणाची तरी पापणी आहे.

तर भिंगरीच्या आत्याने उरली आधीच आणली. खोकं कपाटावर, साड्यांच्या मागे, दोन जुलैपर्यंत बंद. आणि केस गळले तर गळू देत, आपल्या घराण्यात शोभेल, असं तू लिहिलंस. वाचून हसायला आलं. मग हसू गेलं.

पुढे तू लिहिलंस की भिंगरी हल्ली दुकानात गेली की हात पाठीमागे बांधते, मान खाली घालते, 'मला काही नको' म्हणते आणि मग तीन वस्तू घेऊन बाहेर पडते. कार्टूनमधलं आहे ते. उरली प्रत्येक भागात म्हणते. पोरांना एवढं आवडलं की आता दप्तरांवर, डब्यांवर, छत्र्यांवर, जिकडे तिकडे 'मला काही नको' छापलंय. त्याच्याखाली तू सहज एक ओळ टाकलीस, 'कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं गं.' ती वाचून मी चहा तसाच ठेवला आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. खालच्या मजल्यावरचा खोकी बांधणारा विचारत होता, चक्कर आली का बाई. हो म्हणाले.

केस गळत नाहीत, बारके. उरलीचे केस चांगले आहेत. रंगही पक्का आहे. मी खोटं लिहिलं.

भानगड डायरीची आहे. त्यात तुझ्या लहानपणाच्या एकदोन गोष्टी गेल्या आहेत. त्याचं असं झालं, डायरीची बारा पानं छापखान्यात जागा धरून ठेवायला आधी काहीबाही मजकूर भरून द्यावा लागतो. चित्रं कुठे बसतात ते बघायला. मग खरा मजकूर येतो आणि तो काढून टाकतात. मी त्या दिवशी घाईत होते, माझं डोकं रिकामं होतं, तेव्हा जे आठवलं ते भरलं. आणि नेमका तोच मजकूर पुढे गेला. आमच्या धंद्यात अशा चुका होतात. मागे समुद्राच्या मुलीच्या डायरीत पान सातवर 'इथे काहीतरी रडकं' असंच छापून गेलं होतं आणि कुणी तक्रारसुद्धा केली नाही.

त्यावरून तुला कुणी ओळखणार नाही. पण भिंगरी दुपारी तू कामावर असताना आईला सगळं मोठ्याने वाचून दाखवते. जाहिराती, औषधाच्या बाटलीवरचे कागद, काहीही. डायरीही वाचणार. आणि आईने ते ऐकू नये असं मला वाटतं. का ते विचारू नकोस.

म्हणून एवढं कर. खोकं उताणं ठेव, तळाची चिकटपट्टी सोडव, वरची मोडू नकोस, म्हणजे भिंगरीला कळणार नाही. डायरी बाहुलीच्या पाठीमागे कागदी खिशात असते. ती काढ आणि न वाचता मला पाठवून दे. न वाचता, बारके. मोठी बहीण म्हणून सांगते आहे समज.

मान बरी आहे. मेहुण्यांना आठवण.

तुझी
ताई

३० जून

बारके,

तुझी चार ओळींची चिठ्ठी आली. 'खोक्यात डायरी नाही. चिकटपट्टी आधीच कुणीतरी सोडवली आहे. भिंगरी म्हणते आजीकडे आहे, आजी म्हणते माझ्याकडे नाही. काय लिहून ठेवलंयस त्यात?'

सांगते. मागच्या वेळेसारखं नाही, नीट सांगते. आज घरी बसूनच लिहिते आहे, दार लावून. वरच्यांची ठोकाठोकी चालू आहे. बरंच आहे, मी इतकी घाबरले आहे की शांतता असती तर उठून गेले असते.

जागा धरायला भरलेला मजकूर चुकून गेला, हे खोटं. तो मजकूर मी तीन वेळा तपासला. प्रत्येक पानाखाली माझी सही आहे. फक्त 'आई'च्या जागी 'राक्षसीण' घातलं आणि 'काकू'च्या जागी 'शेजारची चेटकीण'. बाकी शब्द न् शब्द तुझा आहे. निळ्या पुठ्ठ्याची वही. मागच्या पानांवर भागाकार. तू पाचवीत होतीस.

ती वही हरवली नव्हती. मी घेतली होती.

तुझ्या गादीखाली सापडली. मी पंधरा वर्षांची, तुला चिडवायला काहीतरी मिळेल म्हणून उघडली. तू लिहिलं होतंस की आई स्वयंपाकघरात काकूला म्हणाली, 'ही दुसरी पोटात राहिली नसती, तर मी शाळेतली नोकरी सोडली नसती. आज मुख्याध्यापिका असते.' तू दाराआड पाण्याचा पेला घेऊन उभी होतीस. आणि त्याच्याखाली तू ठरवलं होतंस. आजपासून मी काही मागणार नाही. बूट चावले तरी सांगणार नाही. कुणी विचारलं तर म्हणायचं, मला काही नको. म्हणजे आईला मी आहे हे कमी कमी जाणवेल.

हे शेवटचं वाक्य आहे ना, पान अकरा, ते वाचून आमच्या बाई रडल्या. मला मिठी मारून म्हणाल्या, 'कुठून सुचतं गं तुला?' आणि मी, बारके, मी म्हणाले, 'सुचतं.'

वही परत ठेवणार होते. देवाशप्पथ. पण तू त्याच संध्याकाळी शोधायला लागलीस. रडत नव्हतीस, नुसती एकेक वस्तू उचलून खाली बघत होतीस. मीसुद्धा शोधलं तुझ्याबरोबर. पलंग सरकवला. वही माझ्या दप्तरात होती आणि मी तुझ्याबरोबर पलंग सरकवत होते. मग तूच म्हणालीस की टिकली दुपारी खेळायला आली होती, तिनेच नेली. मी म्हणायला हवं होतं, नाही. मी म्हणाले, 'असेल.' एवढा एकच शब्द. तू टिकलीशी बोलणं टाकलंस. ती बिचारी महिनाभर आपल्या फाटकाशी येऊन उभी राहायची. तुझी एकुलती एक मैत्रीण होती ती. पुढे ते लोक घर सोडून गेले.

अजून झालं नाही. डायरी छापली ही चोरी झाली. त्याच्या आधीचं आहे ते मला कधीच कुणाला सांगता आलं नाही.

घरात सगळे म्हणायचे, धाकटी किती समजूतदार, कधी हट्ट नाही. आईसुद्धा कौतुकाने सांगायची आल्यागेल्याला. सगळ्या घरात एकटी मी होते जिला माहीत होतं की तू समजूतदार वगैरे काही नाहीस, तू घाबरलेली आहेस. आणि मी ते वापरलं. खिडकीजवळचा पलंग मला हवा होता, मी तुझ्यासमोर विचारायची, 'बारके, तुला हवाय?' तू म्हणायचीस, मला काही नको. सायकल आली तेव्हा तेच. फक्त एकीचं नाव द्यायचं होतं त्या सहलीच्या वेळी तेच. मला उत्तर पाठ होतं म्हणून तर मी विचारायची. आणि शेवटी बाबा म्हणाले, दोघींपैकी एकीलाच बाहेर शिकायला पाठवता येईल, दुसरीने इथलं कॉलेज करावं. तुझे मार्क माझ्याहून चांगले होते, मी तुझ्या वयाची असताना मला पडले होते त्याहून कितीतरी जास्त. बाबांनी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालीस, ताईला जाऊ दे, मला काही नको. मी खाली मान घालून बसले. मग उठले आणि बॅग भरली. बॅगेत तळाशी तुझी वही होती.

मी आज जी कोण आहे ती तिथून आहे. आई तुझ्याकडे आहे, आईचं यंत्र, आईची पथ्यं, आईची चिडचिड तुझ्याकडे आहे, आणि मी इथे बसून पोरांना शिकवते की लाज टाकून द्या. लाज वाटते मला. किती वाटते ते लिहायला गेले की पुन्हा डायरीसारखं गोड होतं, म्हणून लिहीत नाही.

तीन दिवसांपूर्वीपर्यंत मी आणखी एक खोटं तयार करत होते. तुला लिहिणार होते की नवरा नसलेल्या बाईला कामाचा ताण फार असतो वगैरे. तेवढ्यात टपाल आलं. पोरं आमच्या बाहुल्यांना पत्रं लिहितात. दर आठवड्याला पिशवी येते, आणि ज्या बाहुलीला पत्र असेल तिच्या नावाने मी दोन ओळींचं उत्तर पाठवते. माझ्याच कामाचा भाग आहे. त्यात एक पाकीट तुमच्या पत्त्यावरून आलं. अक्षर भिंगरीचं. पत्र भिंगरीचं नाही. आईने सांगितलंय आणि तिने लिहून घेतलंय. 'प्रिय उरली' म्हणून सुरू होतं. मध्ये मध्ये भिंगरीने कंसात लिहिलंय, 'आजी इथे थांबली', 'आजी इथे पाणी प्यायली'. शेवटी लिहिलंय, 'हे माझ्या आईला सांगायचं नाही असं आजी म्हणते.'

आईने डायरी ऐकली आहे, बारके. उशीखाली असणार, बघ. तिला वाटतंय ते एका बाहुलीचं आहे. वही तुझी आहे हे तिला माहीत नाही. पण स्वतः काकूला काय म्हणाली होती ते ती विसरलेली नाही. एवढं मी सांगते. पत्रात पुढे काय आहे ते मात्र उतरवून देणार नाही. मला वाटलं होतं, सरळ पाठवून द्यावं, तुला बरं वाटेल आणि त्यात माझंही निभावून जाईल. पाकिटात घातलंसुद्धा होतं. मग काढलं. आईने ते तुला लिहिलेलं नाही. एकीचं लिहिलेलं दुसरीपुढे मांडून मी एकदा वाहवा घेतली आहे, पुन्हा नाही घ्यायची. आईचं पत्र तिच्या नावाने परत पाठवते आहे, बंद करून.

आणि उरलीच्या नावाने त्याला उत्तर माझ्याने लिहवणार नाही. खरी उरली तुमच्याच घरात राहते.

काल बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, उरलीच्या दुसऱ्या डायरीचं काय? ती पुढच्या महिन्यात छापायला जायची आहे. तीही तुझ्याच वहीतून काढली होती, सहा पानं झाली होती. ती मी त्यांच्यासमोर फाडली. त्या म्हणाल्या, 'अगं, एवढं कशाला? बहिणीला विचार. परवानगी दिली की झालं. देईल की ती.' देईल. हीच तर सगळी गोम आहे. विचारलं की तू देतेस, म्हणून विचारायला कुणालाच काही वाटत नाही. पहिली डायरी खोक्यांतून काढायची की नाही, कार्टूनमधलं ते वाक्य ठेवायचं की नाही, हे आता तू सांगशील तसं होईल असं त्यांच्याकडून लिहून घेतलं आहे. कंपनीची बाई तुला फोन करेल. गोड बोलेल. स्पीकर बंद ठेव. आणि 'तुमचं चालू द्या, मला काही नको' असं तोंडावर आलं तर एक मिनिट थांब. माझी नोकरी जाईल का याचा विचार अजिबात करायचा नाही. तुझी सवय मला माहीत आहे.

वही सोबत आहे. पानं सगळी आहेत, मोजून घे. एका पानावर चहाचा डाग माझा आहे.

हे पत्र पोचेल त्या दिवशी भिंगरीला नऊ पूर्ण होतील. पाहुणे गेले की आईजवळ बस. यंत्र तिच्या कानात नीट बसलंय ना बघ. भिंगरीला बाहेर खेळायला पाठव. आणि आईला विचार, 'तू काकूला काय म्हणाली होतीस?' मुलगी म्हणून एवढं विचारायचा तुला हक्क आहे, आणि सत्तावीस वर्षं मी तो दाबून ठेवला. ती ऐकू आलं नाही असं करणार नाही. ती वाट बघते आहे.

माझ्यासाठी तिच्यापाशी रदबदली करू नकोस. मला माफ केलंस असंही लगेच लिहू नकोस. तू लिहिशील, मला माहीत आहे, दुसऱ्याच दिवशी लिहिशील, आणि मी ते घेऊन मोकळी होईन. निदान हे एक मला सहज देऊ नकोस.

तुझ्या वाट्याचं घेऊन बसलेली,
ताई